पाळण्याभोवती

“नसबंदी करूनसुद्धा हे असं! उद्या ह्याला गावी धाडायचं,” पाळण्याचा ओला पाय पुसत सासूबाई म्हणाल्या. आमचा कुत्रा बंड्या टेबलाखाली दडला. हल्ली बाळाच्या अंगावर साधं पुरळ दिसलं तरी मला बंड्याच्या मुताचाच संशय यायचा.

पुसून झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखं पाळण्याभोवती गोमूत्र शिंपडलं. बंड्या लगेच बाहेर आला, थेंब हुंगत पाळण्यापाशी गेला आणि त्याने तंगडी वर केली.

“आई, त्याला वाटतंय, दुसरंच कुठलं जनावर घरात मुतून जातंय! म्हणून तो त्यावर आपला वास लावतोय. आजच्या दिवस शिंपडू नका ना.”

“म्हणजे घराची शुद्धी आता कुत्र्याला विचारून करायची?” पुटपुटत त्यांनी फरशी साबणाने धुतली आणि बाटली कपाटात ठेवली.

संध्याकाळी बंड्या पुन्हा पाळण्यापाशी आला. त्याने मागचा पाय उचलला. मी बाळाला घट्ट धरलं. सासूबाई फडकं घेऊन धावल्या.

बंड्याने कराकरा कान खाजवला आणि तो तिथेच आडवा झाला.

“मेल्या, जीव घेतलास की!” सासूबाई मटकन खाली बसल्या. “अगं, गावी फोन कर. म्हणावं, हा येत नाही.”