ऐतखाऊ
घरातल्या शांततेत गजर ठणाणत राहिला, कारण तेरा वर्षांच्या लेकीला तो बंद करायला हातही उचलवेना. पाय तर ओंडके झाले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. “पोटॅशियम फार उतरलंय. जुलाब, उलट्या, कसल्या गोळ्या?” सगळ्याला उत्तर ‘नाही’. “काल भरपेट गोडधोड झालं?” “वाढदिवसाला गेले होते,” लेक पुटपुटली. “गोडधोडानंतर पोटॅशियम उतरून असे लुळे पडण्याचा आजार घराण्यातून येतो. तुमच्याकडे कुणाचे सकाळी हातपाय लुळे पडायचे?” आईला मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून राहणारा नवरा आठवला. “पाय उचलत नाहीत गं,” तो म्हणायचा. “कामाचं नाव काढलं की बरे गळतात!” ती फणकारायची. शेवटी ऐतखाऊ म्हणून तिनेच त्याला घालवून दिलं. तेव्हापासून घरात दोघीच. “हिच्या बाबांचे,” ती कशीबशी बोलली. लेकीने उशीवरून मान वळवली. “आई, मग अशा सकाळी बाबांजवळ कोण असतं?”