ढिगाऱ्याचा तळ

या, असे पुढे सरकून बसा. आज टाळ नको, मृदंग नको. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराची एक लहानशी गोष्ट सांगतो, तेवढी निवांत ऐका.

ढिगाऱ्याचा तळ लागत आला होता. शौकतनं लोडरचं तोंड पुन्हा एकदा टाकाऊ दगडांत खुपसलं, उचललं आणि ट्रकमध्ये ओतण्याआधी क्षणभर हवेतच धरून ठेवलं. खाली धापूकाकी उभी होती. तिनं मान उंचावून पाहिलं आणि नाही म्हणून हात हलवला. मग दगड ट्रकमध्ये कोसळले आणि भुकटीच्या गिरणीकडे निघाले.

याच खाणीची कड ढासळली तेव्हा काकीचा नवरा खाली काम करत होता. मालकानं थोडं उकरून पाहिलं, मग साऱ्या खाणींचे तुटके दगड वरून लोटून खड्डा बुजवला. आता त्या तुटक्या दगडांनाही गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून तोच खड्डा पुन्हा उपसत होते. उद्यापासून त्यात दगड कापणाऱ्या कारखान्यांचा गाळ ओतणार. म्हणजे सापडायचं ते आजच. एखादं हाड हाती लागलं तर ते हरिद्वारला न्यायचं, गंगेत सोडायचं. त्याशिवाय गेलेला माणूस सुटत नाही.

शौकतचे डोळे चरचरत होते, कंबर मोडून आली होती. उन्हं कलली तसं त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरून दगडांत वाकला आणि हातात काहीतरी घेऊन आला.

"काकी, हे बघ. सापडलं."

काकीनं ते हाड बोटांनी चाचपलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"बकरीचं आहे, मेल्या. जन्म गेला माझा शेळ्यांमागं."

"गंगेला काय कळतंय, काकी? घेऊन जा. मोकळी हो एकदाची."

"गंगा घेईल रे पदरात. पण हे ऐकून घेतील का? म्हणतील, माझ्या जागी शेळी धाडलीस होय गं!"

शौकतला हसू आलं आणि हसता हसताच तो मटकन खाली बसला.

"सगळं उपसलं, काकी. खाली आता नुसता कातळ आहे. काका नाहीत इथं."

"इथंच आहेत. जातील कुठं?"

ती उतारावरून हळूहळू खड्ड्यात उतरली. दर पावलाला गुडघा धरून थांबत होती. तळाशी, कातळाच्या भेगेत, मैद्यासारखी पांढरी भुकटी साचली होती. कनवटीला खोचून आणलेलं लाल फडकं तिनं पसरलं, ओंजळभर भुकटी त्यात घेतली आणि गाठ मारली.

"अगं काकी, ही तर दगडाची भुकटी!"

"कामावरनं घरी यायचे ते असेच यायचे रे. पांढरेफटक. डोळे तेवढे दिसायचे." तिनं गाठोडं गळ्यात अडकवलं. "दारात झटकून मग आत या म्हटलं, तर कधी ऐकलं नाही. घरभर पांढरं करून ठेवायचे."

शौकत उठून तिच्यापाशी गेला. तिला हाताला धरून वर आणलं, सडकेपर्यंत सोबत गेला आणि पुढं हरिद्वारची गाडी धरायला जयपूरच्या बसला हात केला.

"चला मावशी, आटपा! गाडी तुमच्या घरची नाही," कंडक्टर खेकसला.

काकीनं दांडी धरली. गळ्यातल्या गाठोड्यावर दुसरा हात ठेवला आणि दमलेल्या, पण रोजच्या घरातल्या आवाजात म्हणाली,

"उठा हो, बस आली. दार ठेंगणं आहे, डोकं सांभाळा."

त्या माउलीनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढलं नाही. तेव्हा मायबापहो, देवळातल्या गार संगमरवरी फरशीवर कपाळ टेकाल, तेव्हा तेवढं तुम्ही घ्या. कानाराम त्याचं नाव.