टेकडीवरचे नऊ दगड

चौथा दगड भिंगाखाली धरला आणि नोंदणीकारांचा हात थांबला.

पहिल्या तिन्हींबाबत शंका नव्हती. चकमकीचे दगड, माणसाने घडवलेले, आणि हजारो वर्षे मातीत पडून राहिल्याने अंगावर पांढरी साय धरलेले. चौथा मात्र काळाभोर आणि तुकतुकीत होता. ज्या कडेवर दाब देऊन त्याचा कपचा उडवला होता, तिथे मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. तांब्याचा. त्या काळची, दगडाची हत्यारे करणारी माणसे तांबे ओळखत नव्हती.

"काय झालं, साहेब?" काउंटरपलीकडच्या बाईंनी विचारले. त्यांची टेकडीच्या उतारावर रोपवाटिका होती. कुंड्यांसाठी माती काढताना हे नऊ दगड वर आले, आणि त्यांनी ते बिस्किटांच्या डब्यात, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून, संग्रहालयात आणले होते.

"व्हायचंय काय?" शेजारी उभे असलेले त्यांचे थोरले भाऊ म्हणाले. "माझ्या खडीच्या मशीनला रोज दोन ट्रक दगड लागतो. त्यातला कुठला कुणाच्या खापरपणजोबांनी तासलाय, हे बघत बसलो तर झालाच धंदा."

"दादा, तू गप्प बस."

"गप्पच आहे. उद्या सकाळी मशीन बोलेल."

टेकडी भावाच्या नावावर होती, रोपवाटिका बहिणीच्या घामावर. नियम सरळ होता. एका जागचे पाच अस्सल नग नोंदले गेले, की पाहणी होईपर्यंत तिथली खोदाई थांबते. पाच झाले नाहीत, तर उद्या मशीन उतारावर चढणार होते.

नोंदणीकारांनी उरलेले पाचही दगड पाहिले. पांढरे एका बाजूला ठेवले, काळे दुसऱ्या. पाच पांढरे, चार काळे. चारही काळ्यांची धार एकाच ठिकाणी, टोकाच्या जरा डावीकडे, बिघडली होती. स्वतःचे अक्षर ओळखू यावे, तशी ती चूक त्यांना ओळखू आली. शिकाऊ असताना ते त्याच उतारावर तांब्याचा टोच्या घेऊन हत्यारे घडवून बघायला बसत, कारण तिथली चकमक चांगली. खाली चादर अंथरायची आणि शेवटचा कपचा गोळा केल्याशिवाय उठायचे नाही, हा पहिला धडा. एकदा शेवटची बस गाठायची म्हणून त्यांनी चादर तिथेच झटकली होती.

"पाच झाले ना?" बाईंनी हळूच विचारले. त्यांनी पांढरे मोजले होते.

पाच झाले होते. काळ्यांपुढे 'संशयास्पद' एवढा एक शब्द पुरला असता, आणि तो खोटाही ठरला नसता. नोंदणीकारांनी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

"हे पाच जुने आहेत," ते म्हणाले. "हे चार मी केलेत."

"तुम्ही?"

"मी. चाळीस वर्षांपूर्वी. तुमच्याच टेकडीवर बसून."

भावाने खिशातली किल्ली काढून बोटावर फिरवायला घेतली. "अस्सं. मग साहेब, उरलेले पाचही तुम्हीच तिथे नेऊन टाकले नाहीत कशावरून? समोर ठेवून नक्कल करायला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संग्रहातला एक नमुना नोंदणीकारांनी खरोखरच एकदा खिशात घालून टेकडीवर नेला होता. त्यांनी तो परत आणून ठेवला होता. निदान आजपर्यंत तसे समजून ते चालले होते.

"एक नेला होता," ते म्हणाले. "परत ठेवला, असं वाटतं."

"वाटतं," भाऊ म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "चार बाजूला सारून गप्प राहिला असतात," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

नोंदणीकारांनी भिंग रुमालाने पुसले आणि पाच पांढऱ्या दगडांसह शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवले. तिथल्या सहकारी बाईंना सगळे कार्यालय मोजणीबाई म्हणे. चहात साखर घालतानाही त्या चमचा बरणीच्या काठाने सपाट करून घेत.

"हे तुम्ही बघा. मी आता साक्षीदार झालो, माझी सही चालायची नाही. संग्रहातला असेल तर त्यावर नोंदीचा शाईचा आकडा—"

"आकडा पुसला तरी खालच्या वार्निशचा डाग राहतो. मला तुम्हीच शिकवलंय, काका. बाहेर थांबा."

काउंटरची फळी उचलून ते बाहेर आले आणि भावाबहिणीच्या मधोमध उभे राहिले. पाचांतला एक जरी संग्रहातला निघाला, तर चारच उरणार होते.

मोजणीबाईंनी पहिला दगड सगळ्या अंगांनी पाहिला. "एक," म्हणून पांढऱ्या कागदावर ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दोन."

तिसऱ्यापाशी त्या थांबल्या. दगड फिरवला, पुन्हा फिरवला, खिडकीकडे नेला, परत टेबलावर आणून भिंग खाली आणले. भावाच्या बोटावरची किल्ली फिरायची राहिली. रोपवाटिकेच्या बाईंनी रिकामा डबा छातीशी धरला. नोंदणीकार काउंटरवर पंजा टेकवून, मान लांब करून पुढे झुकले होते.

मोजणीबाईंनी वर पाहिले नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "मागे सरा. सावली पडतेय."