कश्मिराची चढाई

"बेटा, अपना नाम बताओ," वक्तृत्वाच्या क्लासच्या मॅडम म्हणाल्या आणि कश्मिराचा 'क' घशातच अडकला.

"क... क... क..."

मागच्या बाकावरून कुणीतरी "कक्कू" म्हणालं. वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम बिचाऱ्या चांगल्या होत्या. त्यांनी पोरांना दटावलं, कश्मिराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रुको. गहरी साँस लो. फिर बोलो." कश्मिरा थांबली. तिने खोल श्वास घेतला. मग तोंड मिटलं ते मिटलंच. दाराशी उभी असलेली तिची आई, अनुया, काय समजायचं ते समजली.

सोमवारपासून अनुयाची सदर बाजारातली नोकरी सुरू होणार होती. शाळा सुटल्यावर पोरीला संध्याकाळपर्यंत कुठेतरी गुंतवणं भाग होतं. प्रेम नगरातल्या तिच्या हिंदी शाळेतच संध्याकाळचे क्लास चालायचे. आठवडाभर हवं तिथे बसून बघायची मुभा होती, शुक्रवारी एक ठरवून सांगायचं होतं. म्हटलं तर साधी गोष्ट. पण तिसरीतल्या या पोरीने दिवाळीपासून शाळेत बोलणंच टाकलं होतं. हजेरीला नुसता हात वर करायची. शाळेतलं हे कुलूप एक दिवस घरातही लागेल, अशी अनुयाला धास्ती होती.

"बुद्धिबळात घाल तिला," अनुयाचा नवरा जयंत म्हणाला. "तिथे बोलावं लागत नाही."

"म्हणूनच नको म्हणतेय ना मी."

"अगं, तिच्या जिवाला जरा शांतता तरी मिळेल."

जयंत कारखान्यात इंजिनिअर. आवाज करणारं यंत्र तूर्त बंद ठेवावं, हा त्याचा नोकरीतला शिरस्ता. तो त्याने घरीही लावला.

बुधवारी कश्मिरा बुद्धिबळाला बसली. तिथले सर जाम खूश झाले. "बड़ी शांत बच्ची है जी," ते जयंतला म्हणाले. त्या संध्याकाळी कश्मिराने घरी पाणीसुद्धा खुणेनेच मागितलं. जयंतने पेला भरून दिला. लेकीचा आवाज आपण दुपारपासून ऐकलेला नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. बुद्धिबळाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

सांगणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. थांब, श्वास घे, मग बोल. कानाघशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, शेजारच्या आंटींनी सांगितलं, नागपूरहून आजीने फोनवर सांगितलं. अनुया तर उठताबसता सांगायची. आणि पोर इतकी गुणी, की दर वेळी थांबायची.

शुक्रवारी दोघं तिला न्यायला गेली, तर ती वर्गात नव्हती. मैदानाच्या कडेला उभी होती. समोर चौथी-पाचवीच्या मुली धुळीत कबड्डी खेळत होत्या. आईबाबांना बघताच तिने त्या मुलींकडे बोट दाखवलं.

"हे?" जयंतने विचारलं. "अगं, काडी आहेस नुसती. फुंकर मारली तरी पडशील."

कश्मिराने बापाकडे असं काही पाहिलं, की तो तिचं बोट धरून कोच दीदीकडे निघाला. अनुयाचं तोंड मात्र उतरलं. धक्काबुक्कीच्या या खेळात पोर कुठे बोलायला शिकणार होती?

कोच दीदी जवळच्या मऊरानीपूर गावाकडची, उन्हात रापलेली. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कश्मिराला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जूते उतार. दम भर. जा."

कश्मिरा रेषेशी गेली. अनुयाने डोळे मिटून घेतले.

"क... क... क..."

मेलं नशीब, पुन्हा तेच. आता हसतील, म्हणून अनुया वाट बघत राहिली. कुणीच हसलं नाही. समोरच्या मुलींना हसायला सवड कुठे होती? त्या सावध होऊन मागे सरकत होत्या.

"क-क-कबड्डी-कबड्डी-कबड्डी-क-क-कबड्डी..."

अनुयाने डोळे उघडले. तिची काडी धुळीत शिरली होती. एकीच्या हाताखालून निसटली, दुसरीच्या खांद्याला शिवली आणि वळली. तेवढ्यात तिसरीने तिचा पाय धरला. कश्मिरा दाणकन आपटली. आणखी दोघी तिच्या अंगावर पडल्या. त्या ढिगाखालून आवाज येतच होता. "कबड्डी-कबड्डी-क-कबड्डी..." तोंडात माती गेली, तरी येत होता. ती कोपरांवर सरकत राहिली, सरकत राहिली, आणि ढिगातून एक मळका हात बाहेर आला तो थेट रेषेवर पडला.

दीदीने शिट्टी फुंकली. "जा मोड़ी हमाई," ती म्हणाली. तिच्या बोलीत जा म्हणजे ही, मोड़ी म्हणजे पोरगी. ही पोरगी आपली, असं तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कश्मिराच्या बाजूच्या मुली नाचायला लागल्या. जयंत दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होता. कारखान्यातल्या लोकांनी पाहिलं असतं, तर त्यांचा विश्वास बसला नसता.

गुडघा फुटलेली, केसांत माती, अशी कश्मिरा धावत आली. अनुया पदराने तिचं तोंड पुसू लागली. हसावं की रडावं, तिला कळेना, म्हणून ती दोन्ही करत होती.

"पण कबड्डीच का गं?" जयंतने विचारलं.

"स... स... स..."

"थांब, श्वास घे, मग..." सवयीने अनुयाच्या तोंडून निघून गेलं.

कश्मिराने मान हलवली. या वेळी ती थांबली नाही.

"स-स-सगळे म्हणतात रुको, रुको," ती म्हणाली. "इ-इथे रुकलं की आऊट."