डावा पास

बावीस वर्षं क्रेन चालवणाऱ्या गड्याला वर बसल्या बसल्या दोनदा भोवळ आली, तेव्हा साहेबांनी त्याला कानाच्या तपासणीला धाडलं. रिपोर्ट नीट आला तर पुन्हा क्रेन, नाहीतर गेटवर खुर्ची टाकून बसायचं.

तपासणीवाल्या बाईंनी त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवून उजव्या कानात गार पाणी सोडलं. त्या अंधारातच सगळं भिंगरीसारखं फिरलं. खाटेच्या कडा घट्ट धरून तो पुटपुटला, “संपलं. गेली क्रेन.”

थोड्या वेळाने डाव्या कानात पाणी सोडलं. काहीच हललं नाही. बाईंनी आणखी गार पाणी सोडलं, तरी ढिम्म! त्याच्या जिवात जीव आला.

“लिहा बाई, डावा पास!”

 

“दादा,” बाई हळूच म्हणाल्या, “कान चांगला असेल, तर गरगरायलाच हवं.”