कुवेतचा पोळा

पोळ्याच्या दिवशी टेंभुर्णीतले सगळे बैल रंगले, कडूबांची जोडी तेवढी दावणीला तशीच उभी. शिंगांचा रंग आणून ठेवलेला होता. पण मुलगा रामकिसन कुवेतमध्ये ड्रायव्हर, आणि तिथे इराकचं सैन्य घुसल्यापासून त्याची काही खबर नाही. बैल सजवावेत तर लोक म्हणणार, पोराचा पत्ता नाही अन् यांना सण सुचतो. न सजवावेत तर तेही अभद्रच. कडूबा सकाळपासून बैलांसमोर नुसते बसून होते.

ओसरीवर पुतण्या राधाकिसन रेडिओवर ऐकलेलं पुन्हा सांगत होता. "रणगाडे अंधारातच सरहद्द वलांडून आले, उजाडता शहरात. दिवस मावळायच्या आत समदं खलास. राजा मोटारीत बसून शेजारच्या देशात पळाला."

"राजाला पळता आलं, मंग माझ्या रामकिसनला का न्हाई?" गोपिकाबाई म्हणाल्या. "त्याच्याकडं तं ट्रकच हाय."

"आता कुवेत राह्यलंच न्हाई म्हणतेत, काकू. इराकमधीच सामील केलं त्याला."

"मंग माझा पोरगा हाय कुठं म्हणायचं?"

एवढं रेडिओनं सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई चार बायकांना घेऊन आल्या. पदर पुढे ओढून भिंतीला टेकून बसल्या. एकीने डोळे पुसले. गोपिकाबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या.

"काय कळलं तुम्हाला? रेडिओवर आलं का?"

"आम्हाला?" वच्छलाबाई गोंधळल्या. "तुम्हालाच कळलं म्हून तं आलो. तुमचे बैल तसेच दिसले. सुतक आल्याबिगर पोळ्याला कोणी बैल असे ठेवतं का, माय?"

वेशीकडे वाजंत्री सुरू झाली होती.

रामकिसनची बायको शिवकन्या चुलीपुढून उठली. वाटीत गूळ अन् तांब्यात पाणी घेऊन वच्छलाबाईंसमोर येऊन उभी राहिली. दुःखाला भेटायला आलेलं माणूस त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"घ्या मावशी. सणाच्या दिवशी आल्यात, कोरड्या तोंडानं जाऊ नका."

वच्छलाबाईंनी कडूबांकडे पाहिलं. ते बैलांकडे पाहत होते. शेवटी बाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि दोन घोट घेऊन त्या तो खाली ठेवू लागल्या.

"अजून प्या," शिवकन्या म्हणाली. तिने तांब्या खाली टेकू दिला नाही. "समदं प्या."