ग्रीन टीची गोडी

"बाबा, ग्रीन टी," म्हणत सुनेने कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि लगेच पाठ फिरवली.

एरवी ती समोर उभी राहायची. सासरे पहिला घोट कधी घेतात आणि 'वा!' कधी म्हणतात, याची वाट बघत. आज तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाच्या केकवर क्रीमची फुलं काढायची होती आणि त्या नादात चहा गॅसवरच विसरला होता. तसा तो रोजही चांगला खळखळ उकळलेला असे. हा चहा उकळायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आज तर तो आटून निम्म्यावर आला होता.

घरात दुसरं कुणी त्याच्या वाटेला जात नसे. मुलाने एकदा चाखून उरलेला बेसिनमध्ये ओतला होता. सुनेने वजन उतरवायला म्हणून डबा आणला खरा, पण चार दिवसांत तीही दुधाच्या चहावर परतली. एकटे सासरे, म्हणजे बेकरीवालेच, रोज दुपारी मैद्याचे हात झटकून कप रिकामा करत आणि "मस्त झालाय हो," म्हणत. सून भेटेल त्याला सांगे, "आमच्या बाबांना ग्रीन टीची गोडी मी लावली."

खरी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. मागच्या मोठ्या तापात बेकरीवाल्यांच्या जिभेची चव गेली, ती परत आलीच नव्हती. साखर काय, मीठ काय, सगळं सारखंच. ज्या माणसाने जन्मभर चिमूटभर पीठ चाखून पाव भट्टीत लावले, त्याने हे सांगायचं कसं? मुलगा प्रेमाने म्हणणार, 'बाबा, आता आराम करा.' त्या आरामाचीच त्यांना भीती वाटे. म्हणून बायको सहज आल्यासारखी टेबलाशी येई, पिठाच्या गोळ्यातली चिमूट तोंडात टाकी आणि 'मीठ थोडं' असं पुटपुटून निघून जाई. या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं. आणि चवच कळत नाही तर नावं कशाला ठेवायची, असा विचार करून बेकरीवाले समोर येईल त्याचं कौतुक करत सुटले होते.

त्यांनी सवयीने कप तोंडाला लावला. 'वा' ओठांवर तयारच होता.

तो तिथेच राहिला. चेहरा असा काही वेडावाकडा झाला, की ट्रे पुसणाऱ्या बायकोचा हात थांबला.

"काय झालं हो? चटका बसला?"

त्यांनी मान हलवली. डोळे मिटून दुसरा घोट घेतला आणि तो तोंडात घोळवला. अंगावर शहारा आला.

"कडू," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अगं, कडू आहे! जहर कडू!"

इतक्या आनंदाने कुणी चहाला नावं ठेवली नसतील. क्रीमचे हात तसेच घेऊन सून धावत आली.

"बिघडला ना? गॅसवरच राहिला हो बाबा. द्या, ओतून टाकते."

"हात लावशील तर खबरदार!" बेकरीवाल्यांनी कप छातीशी धरला.

"अगं, चव कळली त्यांना!" बायको बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. पण बिंग फुटायचं ते फुटलंच.

सुनेने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा सासूकडे, मग टेबलावरच्या गोळ्याकडे.

"म्हणजे आजवर कळतच नव्हती? मग मीठ?"

"मी बघते," सासू हळूच म्हणाली.

"आणि माझा ग्रीन टी? रोज मस्त म्हणायचात तो?"

"खोटं नाही बोललो," बेकरीवाले म्हणाले. "गरम असायचा मस्त."

सुनेचा चेहरा पडला. रोज हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला एकदम खाली उतरवलं की होतं, तसं तिचं झालं. बेकरीवाल्यांना वाईट वाटलं. पण आतून उकळ्या फुटत होत्या, त्यांचं काय करायचं? त्यांनी घाईघाईने गोळ्यातली चिमूट तोडून तोंडात टाकली. चावली. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या.

"नाही," ते म्हणाले. "मीठ अजून नाही लागत." आणि लगेच हसले. "एक चव आली ना? बाकीच्या येतील वाट विचारत."

मग त्यांना मुलाची आठवण झाली आणि हसू मावळलं. बाहेर दुकानाच्या काउंटरवरून त्याचा आवाज ऐकू येत होता. सुनेनेही तो ऐकला. तिने हाताचं क्रीम ॲप्रनला पुसलं.

"माझ्याकडे काय बघताय? मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "मिठाला आई आहेत. त्या नसतील तेव्हा मला हाक मारा."

बेकरीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि पुन्हा तोंड वाकडं केलं. बायकोला राहवेना. तिने कप ओढून घेऊन जिभेला लावला आणि तसाच परत केला.

"शी! यापेक्षा कारलं बरं! हे रोज पीत होता तुम्ही?"

"ऐकलंत ना?" सून ओशाळून म्हणाली. "उद्यापासून बंद करते."

बेकरीवाल्यांनी डोळे घट्ट मिटून उरलेला चहा तळापर्यंत संपवला आणि रिकामा कप तिच्यापुढे धरला.

"बंद कशाला? मला तर आज कुठे आवडला."